आडवाटेनं आलेली माणसं

आज १० जानेवारी १८९७. तू भायखळ्याला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा खोलीच्या दारात उभी आहेस. आत मटणाच्या सुपाचा आणि तुपाचा वास कोंदला आहे. मेजावर काचेच्या चंबूंची रांग आहे. प्रत्येक चंबूत सूप, त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब, आणि त्या थेंबांपासून खाली लोंबणारे पांढुरके धागे. ते धागे म्हणजे प्लेगचे जंतू. चंबू हलवला की धागे तुटून तळाला बसतात आणि वर नवे धरू लागतात. हेच जंतू उष्णतेनं मारायचे आणि त्यांची लस करायची. ज्यानं ही लस तयार केली त्या वाल्डेमार हाफकिननं आज ती सगळ्यांच्या आधी स्वतःला टोचून घेतली आहे.

हाफकिन डॉक्टर नाही. ओडेसात शिकलेला प्राणिशास्त्रज्ञ आहे. सरकारी वैद्यक खात्यातल्या गोऱ्या डॉक्टरांना तो आपल्यातला वाटत नाही. हे तुला लगेच समजतं, कारण पीएचडीच्या मुलाखतीत तुलाही तेच ऐकावं लागलं होतं: दातांच्या डॉक्टरचं सार्वजनिक आरोग्यात काय काम? तू बीडीएस. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुझी खुर्ची होती. गुटखा खाऊन खाऊन दोन बोटंसुद्धा आत जाऊ नयेत इतकी तोंडं आखडलेली पोरं त्या खुर्चीत बसायची. गालाच्या आत पांढरे चट्टे दिसायचे. तू चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवायचीस आणि त्यातली बरीचशी जायचीच नाहीत. का जात नाहीत, हे विचारायला खुर्चीपाशी वेळ नव्हता. म्हणून तू सार्वजनिक आरोग्यातलं एमपीएच केलंस, आणि आता पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहेस. पिशवीत अर्धवट सिनॉप्सिस आहे. विषय गाइडनं सुचवलेला आहे.

बाहेर ये. मुंबई रिकामी होते आहे. मांडवीत सप्टेंबरमध्ये पहिला रोगी ओळखला तो अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यानंतर लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळाले. घरांच्या भिंतींवर ‘राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरं रंगवलेली दिसतात. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो आणि तिथले साधारण निम्मे कैदी लस टोचून घेतात. टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना होते, टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू कमी भरतात, आणि लसीच्या बाजूनं मोठा पुरावा उभा राहतो. तुझ्या पिशवीत संमतिपत्राचा नमुनाही आहे. एथिक्स कमिटीनं तो दोनदा परत पाठवला म्हणून तू वैतागली होतीस. तुरुंगाच्या गजांसमोर उभी राहून तो पुन्हा वाच. कोठडीतल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला दिसत नाही.

थोड्याच दिवसांत पुण्यात सोल्जर घराघरात शिरतील, बायामाणसांना रस्त्यावर आणून तपासतील, सामान जाळतील. त्याच पुण्यात, शहराबाहेरच्या माळावर, मुलगा यशवंतराव यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतायत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन येतील आणि १० मार्चला प्लेगनंच जातील. एकाच साथीत, एकाच गावात, सरकार जवळ आलं की लोक रोगी लपवतात आणि सावित्रीबाईंपाशी स्वतःहून नेतात. तुझ्या शाखेतल्या पाठ्यपुस्तकात प्लेगवर जे प्रकरण असतं त्यात पिसू असतो, उंदीर असतो, लस असते. हा फरक मात्र तिथे सापडायला कठीण.

चल, पुढे जाऊ.

१९३३. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला भागवत नावाची मुंबईची मुलगी संचालक सी. व्ही. रामन यांच्यासमोर उभी आहे. ती पदवी परीक्षेत पहिली आली आहे, तरी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आहे. ती हटत नाही. शेवटी अटी घालून तिला घेतात. १९३९ मध्ये ती केंब्रिजची पीएचडी घेऊन परतते. तिचा प्रबंध वनस्पतींच्या पेशींत सापडणाऱ्या सायटोक्रोम सी या घटकावर आहे. त्यात कुपोषणाचं नाव नाही, गरिबीचं नाही. पण पुढे, कमला सोहोनी झाल्यावर, त्या नीरेत काय पोषण आहे ते तपासतात, गरिबांच्या ताटातल्या डाळी तपासतात, आणि आदिवासी मुलांच्या व गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली तर काय फरक पडतो ते पाहतात. पीएचडीचा विषय हाच जन्माचा विषय, अशी भीती तुला रात्री झोपू देत नाही ना? मग ही बाई नीट बघून घे.

याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा पांडुरंग सुखात्मे हा तरुण बसला आहे. नेमन आणि पिअर्सन यांच्याकडे तो संख्याशास्त्र शिकतो आहे. १९३६ मध्ये त्याची पीएचडी होते. भारतात परतून तो शेतीतल्या पिकांचा अंदाज नमुन्यावरून कसा काढायचा ते बसवतो, आणि मग पीक मोजता मोजता भूक मोजायला लागतो. रोमच्या अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा प्रमुख म्हणून जगात उपाशी किती, हे त्याला सांगायचं असतं. प्रथिनांची टंचाई म्हणून जगभर ओरड चालू असताना तो आकडे मांडून म्हणतो की टंचाई मुळात पोटभर अन्नाची आहे, पोट भरलं तर साध्या जेवणातूनही प्रथिनं पुरतात. मला हे त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. पुढे पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. माणसाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, शरीर जुळवून घेतं, म्हणून उपासमारीची रेघ सरासरीवर न मारता खाली मारा, असं सुखात्म्यांचं म्हणणं होतं. रेघ खाली सरकली की उपाशी माणसांची संख्याही एका रात्रीत घटते. या वादात मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. कमी खाऊन जुळवून घेणारं शरीर काम कमी करतं, आणि मजुरी करणाऱ्या बाईला कमी काम परवडत नाही. पण सुखात्म्यांनीच म्हातारपणी स्वच्छ पाणी आणि संडास यांवर जोर दिला, कारण पोट बिघडलेल्या मुलाला खाल्लेलं अंगी लागत नाही, हेही विसरू नको. तुझ्या प्रश्नावलीत ‘कुपोषित’ कोण हे ठरवणारी रेघ तू कुठून उचललीस? एकदा पुन्हा बघ.

आता १९६० च्या सुमाराचं तुमकूर. इथे जरा थांबायचं आहे.

बंगळुरूला नुकतीच राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आहे. तिथे डॉक्टर आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत, परिचारिका आहेत, एक्स-रे तंत्रज्ञ आहेत, समाजशास्त्रज्ञही आहेत, आणि सगळे एका मेजाभोवती बसतात. जागतिक आरोग्य संघटनेचे हाफदान मालर हे तरुण डॅनिश डॉक्टर इथेच आहेत. पुढे ते त्या संघटनेचे प्रमुख होतील आणि १९७८ मध्ये आल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा त्यांच्याच काळात होईल. इतक्यात हे कुणालाच ठाऊक नाही. सध्या प्रश्न एवढाच आहे की देशात लाखो क्षयरोगी आहेत आणि ते शोधायचे कसे. डॉक्टरी जगाची समजूत अशी की खेड्यातला माणूस अडाणी आहे. महिनोन् महिने खोकतो, रक्त पडतं, तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. म्हणून एक्स-रेच्या मोटारी खेडोपाडी न्यायच्या, सगळ्यांची छाती तपासायची आणि रोगी हुडकून काढायचे. याला पैसा कुठून आणायचा, हे कुणी सांगत नाही.

देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन दुसरा रस्ता धरतात. बॅनर्जी डॉक्टर आहेत, पण समाजाचा अभ्यास करायची विद्याही त्यांनी घेतली आहे. तुमकूर जिल्ह्यातल्या पाहणीत एक्स-रेवर आणि थुंकीत ज्यांच्यात क्षय सापडला आहे अशा माणसांकडे ते मुलाखतकार पाठवतात. जोडीला, तुलनेसाठी, ज्यांना क्षय नाही अशा माणसांकडेही. तू त्या मुलाखतकाराच्या मागे मागे चाल. नाचणीच्या शेताकडेनं पायवाट जाते. उंबऱ्यापाशी घोंगडी टाकून देतात. संभाषण कन्नडमध्ये आहे, तुला ओ की ठो कळत नाही, पण समोरचा माणूस छातीवर हात ठेवतो, मग रस्त्याकडे बोट दाखवतो, मग हाताच्या बोटांनी बाटलीचा आकार करतो, तेव्हा तुला कळायला लागतं.

हा अभ्यास १९६३ मध्ये छापून येतो. थुंकीत जंतू सापडलेल्या जवळजवळ सगळ्यांना आपल्याला त्रास आहे हे कळत होतं. बहुतेकांना त्याची काळजी होती. निम्म्याहून जास्त जण दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठवलं होतं.

हे वाचताना माझा आजही संताप होतो, आणि तुझाही व्हावा अशी माझी इच्छा आहे. रोगी दारापर्यंत चालत आला होता. कुणी त्याची थुंकी काचेवर घेतली नाही. अडाणी म्हणायचंच असेल तर कुणाला म्हणायचं, याचा निकाल या एका अभ्यासानं लावला. आणि छापून येण्याआधीच उपयोगही झाला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पायाच हा की वेगळी शोधमोहीम उभारण्यापेक्षा खोकत दवाखान्यात आलेल्याची थुंकी तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली बघावी आणि औषध घराजवळ द्यावं. कार्यक्रम पुढे किती रखडला ते तुला माहीत आहे. तरी दिशा बरोबर होती, आणि ती दाखवली उंबऱ्यावर बसून ऐकलेल्या उत्तरांनी.

बॅनर्जींनी पुढे दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक वैद्यकाचं केंद्र काढलं आणि तिथे पीएचडीचा दरवाजा डॉक्टरांइतकाच समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही उघडला. आज तुझ्या वर्गात तुझ्या एका बाजूला नर्सिंग केलेली मुलगी आणि दुसऱ्या बाजूला समाजकार्य शिकलेला मुलगा बसतो, त्याच्या मागे तुमकूरच्या त्या पायवाटा आहेत.

तू दातांची डॉक्टर म्हणून अजून अंग चोरून बसतेस. म्हणून तुला कुलाब्याला नेतो. साल १९६६. समुद्राकाठची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चची इमारत. इथे अणूंचं, गणिताचं काम चालतं. आणि याच इमारतीत मूलभूत दंतसंशोधनाचा एक विभाग आहे. फली मेहता हे दंतवैद्य त्याचे प्रमुख आहेत. हातात आरसा, टॉर्च आणि प्रश्नावली घेऊन त्यांची माणसं गावोगाव निघाली आहेत. गुजरातेत भावनगर, केरळात एर्नाकुलम, आंध्रात श्रीकाकुलम, बिहारात सिंगभूम आणि दरभंगा. घरोघर जायचं, काय ओढता, काय चघळता ते विचारायचं, तोंड उघडायला सांगायचं. पाच जिल्ह्यांत मिळून ५०,९१५ माणसं तपासली गेली. नंतर महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक.

श्रीकाकुलमच्या एका अंगणात चल. बाया चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानांची जाड विडी, ओढतायत, जळतं टोक तोंडात धरून. टाळूला चटके बसून बसून ती पांढरी पडली आहे, आणि टाळूचा कर्करोग इथे का जास्त, ते त्या अंगणातच दिसतं. गोव्यातही हीच तऱ्हा धुमटीची, तिथेही हे लोक गेले. पुढे प्रकाश गुप्ता हे संख्याशास्त्रज्ञ आणि हे दंतवैद्य मिळून एक कठीण प्रश्न हाती घेतात: नुसतं समजावून सांगून तंबाखू सुटते का, आणि सुटली तर चट्टे कमी होतात का? तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ३६,००० माणसांमागे ते वर्षानुवर्षं जात राहतात. तंबाखू सोडणाऱ्यांची संख्या वाढते आणि चट्टे कमी होतात. १९८६ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून येतं. तुझ्या खुर्चीत बसणाऱ्या त्या पोरांच्या तोंडाचं शास्त्र तुझ्या आधी दातांच्या डॉक्टरांनीच, घराघरात जाऊन, उभं केलं आहे. मुलाखतीत हे उत्तर द्यायला हवं होतं, असं आता तुला वाटत असेल. पुढच्या वेळी दे.

जामखेडला फार वेळ थांबत नाही, कारण ती गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी तीच तीच पोरं त्याच त्याच आजारानं परत येताना पाहिली. मग दोघं जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. तुला दाखवायचा आहे तो फक्त एक हातपंप. दुष्काळाचे दिवस आहेत, आणि गावाची विहीर दलितांना बंद आहे. बोअरची जागा दलित वस्तीत निघेल अशी व्यवस्था आरोळ्यांनी केली आहे. पाणी हवं तर सगळ्या गावाला त्या वस्तीत जावं लागतं. रांगेत उभी राहा, हंडा घे आणि बघ कोण कोणाच्या मागे उभं आहे. तुझ्या आराखड्यात ‘हस्तक्षेप’ या नावाचा रकाना आहे. त्यात हा पंप कसा भरशील, याचा विचार कर. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून इथे ज्या बाया तयार झाल्या त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, आणि त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, नव्या डॉक्टरांना शिकवलं.

शेवटचा मुक्काम गडचिरोली, १९८० चं दशक सरत आलेलं. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. राणी बंग आणि अभय बंग हेही हॉपकिन्सला शिकून आलेले, १९८६ पासून इथे. त्या काळी जगभर ‘स्त्रियांचं आरोग्य’ म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरून चालायचे. इथल्या बाया राणीबाईंना वेगळंच सांगत होत्या. अंगावर पांढरं जातं, कंबर दुखते, पाळी बिघडली आहे. गावातल्या ६५० बायकांची तपासणी झाली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी ३.६. त्याआधी आयुष्यात अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. १९८९ च्या जानेवारीत लॅन्सेटनं तो अभ्यास छापला आणि जगाला आपली व्याख्या बदलावी लागली. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बायांमध्ये तू बस. एकमेकींशी त्या ज्या आवाजात बोलतायत, तो आवाज तुझ्या छापील प्रश्नावलीला कधी ऐकू येणार नाही. दहा वर्षांनी याच जिल्ह्यात ३९ गावांमध्ये गावातल्याच प्रशिक्षित बायांनी नवजात बाळांची घरी काळजी घेऊन नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन जाते, ती याच कामामुळे.

आता परत ये. विद्यापीठातली तुझी खोली, टेबलावर सिनॉप्सिस. संशोधन समितीपुढे मांडायची तारीख जवळ आली आहे. विषय, उद्दिष्टं, गृहीतक, नमुन्याचा आकार, सगळं आधी पक्कं करून मागितलं जातं, आणि फील्ड त्यानंतर. मला ही पद्धत सरळ सरळ चुकीची वाटते. तुमकूरला गृहीतक होतं की रोगी येत नाही. गडचिरोलीला गृहीतक होतं की बायांचं दुखणं म्हणजे बाळंतपण. दोन्ही गृहीतकं मोडली, कारण कुणीतरी आधी उंबऱ्यावर बसलं. मर्यादित मुदतीची फेलोशिप, वर शोधनिबंधांचा तगादा, त्यात विद्यार्थी हाताशी असलेला जुना सर्वेक्षणाचा डेटा उघडतो आणि त्यावरच प्रबंध लिहून मोकळा होतो. त्याला दोष देता येत नाही. त्याला दुसरा रस्ता दिलाच जात नाही.

म्हणून माझी विनंती आधी गाइडना आणि समित्यांना आहे. पहिले सहा महिने विद्यार्थ्याकडे सिनॉप्सिस मागू नका. त्याला एक प्राथमिक आरोग्य केंद्र नेमून द्या, तिथे राहायची सोय आणि प्रवासखर्च द्या, आणि परत आल्यावर विषय विचारा. आणि तुला सांगायचं ते एवढंच: संशोधन समितीची परवानगी येईपर्यंत वाट बघू नको. तुझ्या तालुक्यातल्या त्या पोरांपैकी ज्यांना तू चिठ्ठी दिलीस आणि जी मोठ्या दवाखान्यात गेली नाहीत, त्यांच्या घरी आधी जा आणि का गेला नाहीत ते विचार. सिनॉप्सिस त्यानंतर लिही.